रिपोर्ट नॉर्मल आहेत!

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही." खरं तर हे ऐकून बरं वाटायला हवं. पण अंग दुखत असताना ऐकलं, की आपण खोटं बोलतोय असंच कुणी सुचवतंय असं वाटतं. लाइम या आजाराचा इतिहास वाचताना हे वाक्य सारखं आठवत होतं.

अमेरिकेत कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. तिथे पॉली मरे ही चित्रकार बाई, नवरा आणि चार मुलं. घरात कुणाचे ना कुणाचे सांधे सुजलेले, कुणाला ताप, कुणाच्या अंगावर चट्टे. बाई वर्षानुवर्षं नोंदी ठेवत राहिल्या. डॉक्टरांना वाटे, हे सगळं यांच्या मनाचे खेळ! शेवटी १९७५ साली त्यांनी आणि ज्युडिथ मेन्श या आणखी एका आईने आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठाचे अ‍ॅलन स्टीअर तपासाला आले. आसपासच्या तीन गावांत ५१ रुग्ण निघाले, त्यांत ३९ मुलं. पुढे १९८१ साली विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात पीळदार जंतू सापडला. बाईंचं खरं ठरलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. बहुतेकांची संपतेही. दोन-चार आठवडे अँटिबायोटिक घेतलं की माणूस बरा होतो. पण शंभरातल्या पाच-दहा जणांचा थकवा, अंगदुखी, विसराळूपणा सहा महिन्यांनंतरही जात नाही.

मग जंतू लपून बसतो का? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा काही रुग्णांना तीन महिने अँटिबायोटिक दिलं, काहींना तसंच दिसणारं खोटं औषध. दोन्ही गटांत फरक नाही! म्हणजे औषध वाढवून उपयोग नाही. मात्र त्याच अभ्यासात हेही नोंदवलंय, की या लोकांची शारीरिक अवस्था हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांइतकी खालावलेली होती.

यातलं पहिलं वाक्य डॉक्टर सांगतात, दुसरं रुग्ण जगतात. औषध लागू पडत नाही याचा अर्थ आजार नाही, असा होत नाही ना? पॉली मरे २०१९ साली गेल्या. एका पिढीचं दुखणं त्यांनी नोंदी ठेवून खरं करून दाखवलं. उरलेल्या पाच-दहा जणांचं दुखणं निदान कुणी नीट लिहून तरी घ्यावं, एवढंच वाटतं.