काचीगुड्याला उतरल्यावर

1952 साल. मनमाडकडून आलेली मीटरगेज गाडी तुम्हाला काचीगुड्याला उतरवते. खिशात निजामाचा हाली सिक्का आहे आणि भारत सरकारचा रुपयाही. तुम्ही जालन्याकडचे, म्हणजे मोगलाईतलेच, निजामाच्या मुलखातले. आजोबा मांगवाड्यातून जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीत आले आणि रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या हातून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. तुमचा बाप्तिस्मा आईच्या कडेवर झाला. आपण ख्रिस्ती आहोत की नाही, हे तपासून पाहायची वेळच कधी आली नाही.

टांगा नारायणगुड्यावरून गोवळकोंडा चौरस्त्याकडे जातो. तिथं ‘हेब्रोन’ हे प्रार्थनाघर. चपला बाहेर, आत चटयांवर बैठक, बायका एका बाजूला, डोईवर पदर. पुढे प्रचारक बख्तसिंग उभे आहेत. शीख घरात जन्मलेले, 1932 साली कॅनडात बाप्तिस्मा घेतलेले, कुठल्याच मिशनचं नाव न लावणारे. प्रार्थना तासन्‌तास चालते. कुणीही उठतो, कुणीही बोलतो.

शेजारचा तेलुगू गृहस्थ दखनीत विचारतो, “नजात मिली क्या?” म्हणजे, तारण झालं का?

तुम्ही आजोबांपासून सुरुवात करता. तो हसतो. “वो तो दादा का हुआ. आपका?”

राग येतो ना? येऊ द्या. इथं तान्हेपणी कपाळाला लागलेलं पाणी जमेस धरत नाहीत. कळत्या वयात स्वतः ठरवून पाण्यात पुरतं बुडावं लागतं. उलट तुमच्याच मराठीत कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून आत घेतलं होतं. माप एकच कुठं आहे? मला विचाराल तर टिळकांचं माप मोठं, पण त्या तेलुगू माणसाचा प्रश्न जास्त बोचरा.

उपासनेनंतर प्रेमभोजन. माला, मादिगा या तेलुगू दलित जातींतले, तुम्ही, सगळे एकाच पंगतीत. भात वाढता वाढता कुणी मास्तर मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची गोष्ट काढतात. 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश: हिंदू नसेल तो अनुसूचित जातीत नाही. अर्ज परत आला. त्या कागदानं ना नजात विचारली, ना पाणी किती खोल होतं ते. गावच्या विहिरीवर मात्र मुलगा अजून मादिगाच आहे.

जेवून घ्या, गाडीला वेळ आहे. आपल्या काळात परतलात की तो आदेश काढून वाचा. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत.