बिजागरी कोण सुधारतं? दौऱ्यावरच्या तंबूपासून पिकअपवरच्या घरापर्यंत

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात करतो माझ्या बाबांच्या बोटांपासून.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. माझ्या मित्राने त्याच्या पिकअपवर पॉप-अप कॅम्पर बसवून घेतला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकअपच्या मागच्या हौद्यात बसणारी एक छोटी खोली असते. गाडी चालताना तिचं छप्पर खाली दबलेलं असतं. मुक्कामाला पोहोचलो की छप्पर वर उचलायचं, मधल्या फटीत कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात आणि माणूस आत ताठ उभा राहू शकतो. आत पलंग, फोल्डिंग टेबल, एक छोटा ओटा. फोटोत लय भारी दिसतं.

आम्ही रामटेकच्या पुढे खिंडसी तलावाकडे गेलो. सोबत बाबा. पहाटे कडाक्याची थंडी. बाबा कॅनव्हासची घडी आत सारत होते आणि मी टपावरची ताडपत्री सोडत होतो. तेवढ्यात एका बाजूचं छप्पर धाडकन खाली आलं. बाबांची दोन बोटं सापडली. रामटेकला जाऊन चार टाके घातले. बाबा म्हणाले, "काही नाही झालं बे, गाडी काढ." पण त्या हाताने त्यांना महिनाभर शर्टाचं बटण लावता येत नव्हतं.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बग सापडल्याशिवाय झोप येत नाही. घरी आल्यावर मित्र आणि मी ते छप्पर उघडून बसलो. दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे छप्पर फक्त गॅस स्ट्रटच्या भरवशावर उभं होतं. गॅस स्ट्रट म्हणजे कारची डिकी वर धरून ठेवणारी ती नळी. तिच्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. शाळेतलं आठवा, तापमान कमी झालं की गॅसचा दाब कमी होतो. आमचा डबा बनला मे महिन्यात, नागपूरच्या ४४ अंशांत. ते झाले केल्विनमध्ये ३१७. खिंडसीला पहाटे १० अंश धरा, म्हणजे २८३. साधं गणित केलं तरी ताकद जवळपास ११ टक्के कमी. वर्कशॉपमध्ये छप्पर छान उभं राहत होतं, यात खोटं काहीच नव्हतं. आमच्याकडे यालाच "माझ्या मशीनवर तर चालत होतं" म्हणतात.

दुसरी गोष्ट, बिजागऱ्यांचे स्क्रू. ते प्लायवूडच्या कडेत, म्हणजे थरांच्या मधोमध मारले होते. तिथे स्क्रूला पकड मिळत नाही. गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल झाले होते. आणि छप्पर पडलंच तर अडवायला दुसरं काहीच नव्हतं. ना खुंटी, ना टेकू.

मी चिडून बोलत होतो आणि बाबा शांतपणे ऐकत होते. बाबांची अख्खी नोकरी कालव्यांच्या सर्व्हेत गेली. अर्धं आयुष्य कॅम्पवर. ते म्हणाले, "आमच्या कॅम्पला खलाशी होते. तंबू उभा कसा राहतो हे मी कधी पाहिलंच नाही. मी पोहोचायचो तेव्हा तो उभाच असायचा."

हे वाक्य डोक्यात बसलं. आजचा भाग तिथूनच निघाला.

खलाशी म्हटलं की आपल्याला जहाज आठवतं. पण सरकारी भाषेत तंबू ठोकणारा, साखळी धरणारा, सामान उचलणारा माणूसही खलाशीच. ब्रिटिश काळातल्या दौऱ्यांमध्येही हा शब्द असायचा. आणि दौरा म्हटलं की आपलं नागपूर आलंच.

१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. सर रिचर्ड टेंपल १८६२ ते १८६७ या काळात इथे चीफ कमिशनर होते. हा माणूस सतत प्रांतभर फिरत असे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचाही नियमच होता. पावसाळा संपून थंडी पडली की बंगला सोडायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव तंबूत राहायचं. आंब्याच्या झाडाखाली कचेरी भरायची. सारा, तंटे, जंगल, सगळं तिथेच. मोठ्या साहेबांकडे तंबूंचे दोन संच असत. एका संचात साहेब झोपलेला असताना दुसरा रात्रीतून पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहत असे. साहेब सकाळी घोड्यावरून निघून पोहोचला की तिथे घर तयार!

हे तंबू कुठे शिवले जायचे, ऐका. याच मध्य प्रांतातल्या जबलपूरला १८३० च्या दशकाच्या अखेरीस एक 'स्कूल ऑफ इंडस्ट्री' निघाली होती. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना आणि त्यांच्या मुलांना तिथे काम शिकवत. त्यांचा माल कोणता? गालिचे आणि तंबू. एकेकाळी वाटसरूंना लुटणारे लोक आता प्रवाशांचे तंबू शिवत होते.

तंबूच्या आतलं सामानही बघण्यासारखं आहे. त्याला कॅम्पेन फर्निचर म्हणतात. खणांचं एक कपाट घ्या. ते मधोमध दोन तुकड्यांत वेगळं व्हायचं, कारण एक तुकडा जनावराच्या एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला बांधायचा. पाय फिरवून काढता यायचे. कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या, धक्का लागला तरी लाकूड फुटू नये म्हणून. आणि मुठी लाकडात खोल बसवलेल्या, पृष्ठभागाच्या बाहेर काहीच नाही. म्हणजे दोरीत काही अडकणार नाही आणि एकावर एक रचता येईल. लाकूड अनेकदा सागवान. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे वाळवी लवकर लागत नाही आणि आत मारलेला लोखंडी खिळाही ओक लाकडात गंजतो तसा पटकन गंजत नाही. बल्लारशा-आलापल्लीचा साग आजही मोठा मान राखून आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या दरवाजांसाठी साग बल्लारशाहूनच गेला.

मग आली माझी आवडती वस्तू, रुडकी खुर्ची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रुडकीला लष्कराच्या इंजिनीअर लोकांत तयार झालेली. हिला खिळा नाही, डिंक नाही. निमुळते दांडे निमुळत्या भोकांत घालायचे, वर कॅनव्हास आणि चामड्याचे पट्टे. माणूस बसला की त्याच्या वजनानेच सांधे घट्ट होतात. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात, कारण प्रत्येक सांधा थोडा हलतो. सोडली की एक छोटी गुंडाळी. १९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोर क्लिंटने हिच्यावरून 'सफारी चेअर' केली आणि ती जगभर गाजली.

आता इथे मला प्रश्न पडला. कपाट इतकं हुशारीने केलं, खुर्ची तर कमाल, मग तंबू का तसाच राहिला? जड खांब, दोरखंड, मेखा, मोगरी. पन्नास-साठ वर्षांत तंबू पटकन उभा करायची एखादी युक्ती का नाही निघाली?

माझं उत्तर असं आहे की कपाट फुटलं तर नुकसान साहेबाचं व्हायचं. तंबू जड असला तर पाठ मोडायची दुसऱ्याची.

साहेबाचा कॅम्प येणार म्हटलं की गावाला हुकूम सुटायचा. बैलबंड्या द्या, गवत द्या, लाकूड द्या, दूध-अंडी द्या, ओझं वाहायला माणसं द्या. याला रसद आणि बेगार म्हणत. मोबदला कागदावर असला तरी तो पोहोचेलच असं नव्हतं. मालगुजाराने कोतवालाला सांगायचं, कोतवालाने गरिबाच्या दारात जायचं. ऐन हंगामात बैल साहेबाच्या सामानाला जुंपलेले. अशा व्यवस्थेत तंबूचं वजन पाच मणांनी कमी करायची गरज कोणाला वाटणार? ज्याला वाटत होती, त्याला कोणी विचारत नव्हतं.

रुडकी खुर्ची याला अपवाद वाटेल, पण ती उलट पुरावाच आहे. लढाईवर निघालेल्या अधिकाऱ्याला सामानाची मर्यादा असे. खेचरावर किती वजन, हे ठरलेलं. बैलबंडी मागवायला तिथे गाव नव्हतं. म्हणून डोकं चाललं.

बेगारीचा शेवट कसा सुरू झाला, त्यातही नागपूर आहे. डिसेंबर १९२० मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते. आपलं काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण. त्या अधिवेशनाला कुमाऊंच्या डोंगरातून बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सोबती आले होते. त्यांच्याकडे साहेबांच्या कॅम्पचं सामान डोंगरावर वाहायला गावकऱ्यांची पाळी लागायची आणि त्याची रजिस्टरं ठेवलेली असायची. मंडळी नागपूरहून परत गेली आणि जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी ती रजिस्टरं शरयू नदीत फेकून दिली. पुढे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये बेगारीवर बंदी आली. 'बेगार' हा शब्द तिथे नावानिशी आहे. इंग्रजी प्रतीतसुद्धा!

आता थोडं बाहेर बघू. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिका-युरोपात साधी नोकरदार कुटुंबं गाडी घेऊन भटकायला लागली. त्यांच्याकडे खलाशी नव्हता. नवरा, बायको, दोन पोरं आणि रात्रीचा पाऊस. म्हणून १९५१ मध्ये जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगन व्हॅनसाठी काढता-घालता येणारं सामान आणलं. त्याच दशकात अमेरिकेत पिकअपवरचा 'अलास्कन' कॅम्पर आला, हायड्रॉलिक पंपाने छप्पर वर नेणारा. एका माणसाला, एका हाताने, अंधारात जमलं पाहिजे, ही त्यांची अट होती. ती अट आली की चांगली बिजागरी, चांगली कडी, न गंजणारा स्क्रू, सगळं आपोआप मागितलं जातं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ट्रकवरचं घर नव्हतं असं नाही. जत्रेतले टुरिंग टॉकीज आठवा. ट्रकच्या मागच्या भागात प्रोजेक्टर, समोर तंबू, आणि माणसं महिनोन्‌महिने त्याच ट्रकच्या आसऱ्याने राहणारी. २०१६ चा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट यावरच आहे, मिळाला तर बघाच. तिथेही तंबू उभा राहतो तो पोरांच्या खांद्यावर. बाबांच्या सर्व्हे कॅम्पवरही तेच. खलाशी पगारी झाला, पण तंबूची रचना फारशी बदलली नाही.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता आपल्यासारखे लोक पिकअपवर डबे बसवून राहिले आहेत. पण डबा बनवताना आपण अजून साहेबासारखाच विचार करतो. आत सनमायका चकचकीत, रंगीत लाइट, स्पीकर. बिजागरी मात्र दुकानातली सगळ्यात स्वस्त. फरक इतकाच की आता खलाशी आपणच आहोत. किंवा आपले बाबा.

म्हणून कोणी डबा बनवून घेत असाल तर पाच गोष्टी बघा. छप्पर स्ट्रटशिवाय उभं राहील असा टेकू किंवा पिन प्रत्येक कोपऱ्याला हवीच. लांब पट्टीची बिजागरी घ्या आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट मारा, मागे नायलॉनचं लॉकनट. प्लायवूडवर आयएस ७१० आहे का बघा, ते मरीन प्लाय. आयएस ३०३ म्हणजे साधा, घरातल्या कामाचा. ॲल्युमिनियमवर साधा लोखंडी स्क्रू मारू देऊ नका, ओल लागली की दोन धातूंच्या जोडीत गंज झपाट्याने धरतो. आणि कपाटांच्या मुठी आत बसवलेल्या घ्या. दीडशे वर्षांपूर्वीची ती अक्कल आजही चालते, अंधारात गुडघा लागत नाही.

आमच्या डब्याचं सांगतो. बिजागऱ्या बदलल्या, बोल्ट मारले. बाबांनी स्वतः बल्लारशाच्या सागाचे चार दांडके तासून आणले, भोकात निमुळते बसणारे, त्या रुडकी खुर्चीसारखे. जानेवारीत परत गेलो. पहाटे तीच थंडी. बाबांनी एकेक दांडका हाताने हलवून बघितला आणि मगच मला म्हणाले, "हं, आता ये आत."

तुमच्या घरात कोणी खलाशी, सर्व्हेवाले, टुरिंग टॉकीजवाले असतील तर त्यांना विचारा, तंबू कोण उभा करायचं. त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, बोटं सांभाळा. भेटू!