नवे पत्र आले, हे सर्व्हरला कोण सांगते?

१९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात आयमॅप हा प्रोटोकॉल आखला. त्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि वाचणारा तिथे जाऊन ती पाहतो. नवे काही आले का, हे वाचणाऱ्यालाच पुन्हा पुन्हा विचारावे लागे. जून १९९७ च्या आरएफसी २१७७ ने ‘आयडल’ ही आज्ञा आणली. ती दिल्यावर वाचणाऱ्याचा प्रोग्राम वाट पाहत बसतो आणि पत्र आले की सर्व्हर त्याला कळवतो. कळवण्याची जबाबदारी आता सर्व्हरची झाली, पण त्याला स्वतःला ते कळणार कसे, हा प्रश्न उरलाच.

पत्रे साठवण्याच्या मेलडिर या मांडणीत तर तो फारच अवघड होता. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेल या मेल सर्व्हरबरोबर आलेल्या या मांडणीत प्रत्येक पत्र ही वेगळी फाइल असते. ती ‘टीएमपी’ डिरेक्टरीत पूर्ण लिहून झाली की ‘न्यू’मध्ये दिसू लागते. पत्र ठेवणारा आणि दाखवणारा हे दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना कुलपेही लागत नाहीत. मेलडिरचे मोठे बळ तेच. मात्र त्यामुळेच डिरेक्टरीवर नजर ठेवायला तिसरा कोणीतरी लागतो.

हे काम करणारी एक वस्तू आधीच तयार होती, पण ती मेलसाठी केलेली नव्हती. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या आयरिक्स प्रणालीसाठी फाइल ऑल्टरेशन मॉनिटर, म्हणजे फॅम, तयार केला होता. फाइल बदलली की पडद्यावरच्या खिडकीतले चित्रही लगेच बदलावे, हा त्याचा मुख्य उपयोग. आयरिक्सच्या कर्नलमधला आयमॉन त्याला बदलांची खबर देई. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आयमॉन नव्हता, त्यामुळे तिथे फॅम स्वतःच ठरावीक वेळाने फाइली तपासत असे. म्हणजे फेऱ्या चुकल्या नव्हत्या, त्या मारणारा तेवढा बदलला होता.

सॅम वार्शावचिक यांच्या कुरियर-आयमॅप या मेल सर्व्हरने हाच फॅम वापरला आणि अवलंबनाची एक लांब साखळी तयार झाली. कुरियरला फॅमची लायब्ररी लागे, लायब्ररीला फॅमचा डेमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, लागे आणि डेमनला पोर्टमॅपर ही नेटवर्क सेवा. सुरक्षिततेसाठी पोर्टमॅपर बंद करणे ही व्यवस्थापकांची रीतच होती. तो बंद झाला की फॅम मुका होई, आणि फाइल-सूचना सुरू करता आल्या नाहीत, व्यवस्थापकाला कळवा, असा इशारा थेट पत्र वाचणाऱ्याच्या पडद्यावर उमटे. त्याला त्यातून काहीच उमगत नसे. दोष शोधायचा तर साखळीच्या तळापासून वर यावे लागे: आधी पोर्टमॅपर, मग डेमन, मग लायब्ररी, शेवटी कुरियर पुन्हा सुरू करणे. तात्पुरता उपाय म्हणून ‘एनहान्स्ड आयडल’ची सेटिंग शून्य करता येई. मग पत्रे येत राहत, फक्त कळायला उशीर होई.

जानेवारी २००१ च्या लिनक्स २.४ मध्ये बदल कळवणारे डीनोटिफाय कर्नलमध्येच आले. पण त्यासाठी प्रत्येक डिरेक्टरी उघडी ठेवावी लागे आणि कोणती फाइल बदलली हे ते सांगत नसे. डॅनियल व्हेयार यांच्या गॅमिनने फॅमची जागा घेतली आणि पोर्टमॅपरची गरज संपवली. त्याचा सर्व्हर मात्र प्रत्येक वापरकर्त्यामागे वेगळा चाले. घरच्या संगणकावर ते खपून जाई, पण मेल सर्व्हरवर अशा प्रक्रियांची गर्दी होऊ शके.

खरा बदल ऑगस्ट २००५ मध्ये झाला. रॉबर्ट लव्ह आणि जॉन मॅककचन यांचे आयनोटिफाय लिनक्स २.६.१३ मध्ये दाखल झाले आणि कर्नल स्वतः फाइलीचे नाव सांगू लागला. पुढे कुरियरने फॅम सोडून थेट त्याचाच आधार घेतला. टिमो सिराइनन यांचे डोव्हकॉट हे मेल सर्व्हर सॉफ्टवेअर लिनक्सवर आयनोटिफाय आणि बीएसडीवर केक्यू वापरते.

मधले डेमन गेले, तसे बिघाडाचे ठिकाणही बदलले. कर्नल एका वापरकर्त्याला सहसा १२८ आयनोटिफाय-जोडण्याच देतो. सगळ्या पेट्या एकाच खात्याखाली ठेवणाऱ्या सर्व्हरवर हा आकडा लवकर भरतो, आणि मर्यादा वाढवा, असा संदेश डोव्हकॉटच्या लॉगमध्ये दिसतो. नेटवर्कवरून फाइली वाटून घेणाऱ्या एनएफएसवर दुसऱ्या यंत्राने ठेवलेले पत्र आयनोटिफायला दिसतच नाही. म्हणून डोव्हकॉटमध्ये पेटी अधूनमधून तपासण्याची सोय आजही आहे, आणि त्यासाठीचे ठरावीक अंतर ३० सेकंदांचे आहे.