कॅमेऱ्याचा परकायाप्रवेश

जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या पोटात डिजिटल सेन्सर बसवायचा आणि त्याच कॅमेऱ्याने, त्याच भिंगातून, रोल न भरता फोटो काढायचे, हा उद्योग जगभरातले हौशी लोक आणि काही कंपन्याही गेली तीसेक वर्षं करत आल्या आहेत. त्याला मराठीत काय म्हणावं? 'रूपांतर' हा शब्द पटकन ओठांवर येतो. पण इथे रूप बदलतच नाही. बाहेरून तेच चामडं, तेच निकेल, तीच चकती. बदलतं ते आतलं. म्हणजे रूपांतराच्या अगदी उलट प्रकार झाला.

नेमका शब्द शोधायचा तर आधी कॅमेऱ्याच्या एकेका अवयवाचं नाव उलगडून पाहायला हवं. तसं पाहू लागलं की कळतं, की यंत्रांच्या कितीतरी आधी ही नावंच आतून बदलून घेतलेली आहेत.

सुरुवात 'कॅमेरा'पासूनच करू. लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे कमानदार छताची खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं, हे फार जुनं ज्ञान. त्या खोलीला 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव योहानेस केप्लरने 1604 सालच्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात वापरलं. पुढे खोलीची पेटी झाली, 'अंधारी' गळून पडलं आणि नुसती 'खोली' उरली. तीच लॅटिन खोली फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन 'चेंबर' झाली. एका खोलीत राहणारे सोबती स्पॅनिशमध्ये 'कामारादा' झाले आणि त्यांचे पुढे 'कॉम्रेड' झाले. पोर्तुगीजांची 'कामारा' हिंदुस्थानात येऊन 'कमरा' झाली, असं बहुतेक कोशकार मानतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत नगरपालिकेला 'कामारा म्युनिसिपाल' म्हणत, तीही हीच. म्हणजे 'कमऱ्यात कॅमेरा ठेवलाय' या वाक्यात एकच शब्द दोनदा येतो.

केप्लरने त्याच ग्रंथात आणखी एका शब्दाला नवी नोकरी दिली. 'फोकस' म्हणजे लॅटिनमध्ये चूल. भिंगातून सूर्यकिरण जिथे एकवटतात तिथे कागद पेटतो, म्हणून ती चूल. मराठी पाठ्यपुस्तकांनी ती विझवून तिथे 'नाभी' बसवली, आणि 'नाभीय अंतर' आपण शाळेत पाठ केलं. 'लेन्स' म्हणजे तर मसूर. दोन्ही अंगांनी फुगीर भिंगाचा आकार मसुराच्या दाण्यासारखा, एवढंच कारण. अरबीतही 'अदसा' म्हणजे मसूर आणि भिंग दोन्ही. खोली, चूल आणि मसूर: फोटोच्या यंत्राने स्वयंपाकघरच उचलून नेलं म्हणायचं.

आता ज्या वस्तूची हकालपट्टी करून सेन्सर बसवायचा, ती 'फिल्म'. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पातळ कातडं, पापुद्रा. 1840 च्या दशकात फोटोच्या काचेवरच्या रासायनिक लेपाला तो लागू झाला, मग लेप धारण करणाऱ्या पट्टीला आणि शेवटी पट्टीवरच्या सिनेमाला. मराठीने मात्र फोटोच्या दुकानात 'फिल्म'ला फारसं जवळ केलं नाही. आपण 'रोल' म्हटलं. छत्तीसचा रोल, रोल भरणं, रोल संपणं, रोल धुवायला टाकणं. लॅटिन 'रोटा' म्हणजे चाक, त्यावरून छोटं चाक, गुंडाळी असं करत हा शब्द आला. संस्कृत 'रथ' त्या 'रोटा'चा सख्खा भाऊबंद. जुन्या फ्रेंच नाटकवाल्यांकडे नटाची वाक्यं गुंडाळीवर लिहिलेली असत, म्हणून नटाच्या वाट्याला येतो तोही 'रोल'. हजेरीची यादी गुंडाळीवर, म्हणून 'रोल नंबर'. हिशेब ताडून पाहण्यासाठी दुसरी गुंडाळी ठेवत, ती 'काँट्र-रोल', आणि तिचाच झाला 'कंट्रोल'. आपल्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोलचं दुकान म्हणणाऱ्या पिढीने त्या शब्दाच्या पोटात धान्यही भरलं.

रोल सिनेमात गेला तेव्हा मराठीने 'चित्रपट' हा शब्द पुढे केला. तो काही नवा घडवलेला नव्हता. संस्कृतात 'चित्रपट' म्हणजे चित्र रंगवलेलं कापड. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त 'चित्रदीप' नावाचं प्रकरणच आहे आणि त्यात अशा पटाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: धुतलेला, खळ लावून घोटलेला, रेषा आखलेला आणि रंग भरलेला. वेदान्त समजावण्यासाठी वापरलेला हा शब्द विसाव्या शतकात थेट तिकीटबारीवर जाऊन बसला. पहिली अवस्था 'धौत' म्हणजे धुतलेली, हा योगायोग रोल धुणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा.

आपल्या 35 मिलिमीटरच्या रोलची छोटी पत्र्याची डबी कोडॅकने 1934 मध्ये बाजारात आणली. इंग्रजीत तिला 'कार्ट्रिज' म्हणतात. पोर्तुगीज 'कार्तूशु'वरून आलेलं आपलं 'काडतूस' त्याच कुळातलं. बंदुकीची भाषा कॅमेऱ्याला पहिल्यापासून चिकटलेली आहे: भरणं, नेम धरणं, शूट करणं. मोठ्या कॅमेऱ्यांत फिल्म ठेवण्याच्या सुट्या पेटीला 'मॅगझिन' म्हणतात, तेही बंदुकीत असतंच. अरबी 'मखजन' म्हणजे कोठार, त्यावरून मॅगझिन. आपला 'खजिना' त्याच अरबी धातूपासूनचा.

या काडतुसावरच डिजिटल रूपाचं सगळ्यांत गोड स्वप्न रचलं गेलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1998 मध्ये एका कंपनीने जाहीर केलं, की रोलच्या डबीच्या आकाराचं, सेन्सरची जीभ बाहेर काढलेलं एक उपकरण आम्ही आणतोय. पाठ उघडायची, रोलऐवजी हे ठेवायचं, बंद करायची, झालं. 'सिलिकॉन फिल्म' या नावाने पुढे गाजलेल्या त्या कंपनीचं काडतूस 1.3 मेगापिक्सेलचं होतं. ते बाजारात पोहोचायच्या आत, 2001 मध्ये, कंपनीच बंद पडली. दहा वर्षांनी, 2011 च्या 1 एप्रिलला, एका जर्मन डिझाइन संस्थेने अशाच काडतुसाची झकास जाहिरात केली आणि जगभरचे लोक मागणी नोंदवायला धावले. तारीख पाहायचं कुणाला सुचलं नाही.

हे इतकं अवघड का, ते जुन्या कॅमेऱ्याची पाठ उघडली की दिसतं. मधोमध 24 बाय 36 मिलिमीटरची खिडकी. तिच्या वरखाली गुळगुळीत पॉलिश केलेले धातूचे रूळ. पाठीच्या आतल्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेली सपाट काळी पट्टी, जी फिल्मला रुळांवर हलकेच दाबून ठेवते. फिल्मची जाडी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी, आणि भिंगाची नाभी नेमकी तिथे पडावी असं सगळं बेतलेलं. सेन्सरवर मात्र संरक्षक काच असते. सिलिकॉनला अवरक्त किरणही दिसतात, म्हणून ते अडवणारी आणखी एक काच लागते. या काचा पुढे सरकल्या की शटरला अडतात, आणि सेन्सर मागे सरकवला की चित्र धूसर होतं. शिवाय शटर कधी उघडलं हे सेन्सरला कळायला हवं. त्यासाठी बरेच कारागीर फ्लॅशच्या जोडणीतून इशारा घेतात.

ते शटरही मजेशीर. लायकासारख्या कॅमेऱ्यात रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे स्प्रिंगच्या रुळांवर गुंडाळलेले असतात आणि एकामागून एक खिडकीवरून धावतात. बाजारपेठेत संध्याकाळी धडधडत खाली येतं ते शटर आणि हे, दोन्ही रुळांवर गुंडाळली जातात, एवढंच साम्य. एकाला क्षण लागतो, दुसऱ्याला क्षणाचा हजारावा भाग. आजच्या बऱ्याच सेन्सरमध्ये पडदा नसतानाही चित्र ओळीओळीने वाचलं जातं, तरी त्या पद्धतीला 'रोलिंग शटर'च म्हणतात. पडदा गेला, गुंडाळी गेली, नाव राहिलं.

काडतूस फसलं, पण पाठ जमली. इंग्रजीत अशा जोडणीला 'डिजिटल बॅक' म्हणतात, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ पाठ काढून लावायची डिजिटल पाठ. मराठीत 'पाठ' दोन. शरीराची पाठ संस्कृत 'पृष्ठ'वरून आली, आणि धड्याचा किंवा मंत्राचा 'पाठ' हा 'पठ्' या धातूवरून. डिजिटल पाठीत दोन्ही अर्थ जमतात, कारण ती कॅमेऱ्याच्या पाठीला लागते आणि समोरचं दृश्य वाचतेही. कोडॅकने 1991 मध्ये विकायला काढलेली डिजिटल कॅमेऱ्याची यंत्रणा म्हणजे खरं तर निकॉन एफ3 या फिल्म कॅमेऱ्यात बसवलेला 1.3 मेगापिक्सेलचा सेन्सर होता. चित्रं साठवायला 200 मेगाबाइटची डिस्क असलेली वेगळी पेटी खांद्याला अडकवावी लागे. लायकाने आर8 आणि आर9 या कॅमेऱ्यांसाठी 10 मेगापिक्सेलची पाठ काढली, हॅसलब्लाडने 2006 मध्ये 16 मेगापिक्सेलची. स्वित्झर्लंडमधल्या एका उपकरणाचं नाव तर 'आय'म बॅक' असं आहे: 'मी परतलो' आणि 'मी पाठ आहे', दोन्ही. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी नाभीची अडचण टाळण्यासाठी चित्र एका दुधी पडद्यावर पाडलं आणि त्या पडद्याचाच फोटो काढला.

घरी बसून खटपट करणारे बहुधा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा 12.3 मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या खोक्यात बसवतात. त्याचा सेन्सर कर्णावर जेमतेम 7.9 मिलिमीटर, फिल्मच्या चौकटीचा कर्ण 43 मिलिमीटरच्या वर. म्हणून 50 मिलिमीटरचं साधं भिंग तिथे 275 मिलिमीटरच्या दुर्बिणीसारखं वागू लागतं. फोटो येतो, पण लग्नाच्या मंडपात उभं राहून फक्त नवऱ्यामुलाचं नाक दिसतं.

उरला 'डिजिटल'. लॅटिन 'डिजिटस' म्हणजे बोट. बोटांवर मोजतात, म्हणून आकडाही डिजिट. मराठीने त्यासाठी 'अंकीय' घेतला. 'अंक' शब्दाचा पसारा मोठा आहे: मांडी, खूण, नाटकाचा अंक, दिवाळी अंक, चंद्रावरचा डाग ('शशांक'मधला तो हाच). पण मुळात अंक म्हणजे वाकडा हूक. 'आकडा' त्याच्यावरूनच आला आणि मराठीने दोन्ही अर्थ जपले. शाळेतही आकडे असतात, आणि तारेवर आकडा टाकून वीजही चोरतात. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा प्रकाश असाच आकड्यांत अडकवला: 100 बाय 100 ठिपके, एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. त्या कॅमेऱ्याला भिंग होतं सुपर-8 या फिल्मच्या चलत्‌कॅमेऱ्याचं. डिजिटलचा जन्मच जुन्या कॅमेऱ्याचा अवयव घेऊन झाला.

आता मूळ प्रश्न. 'भाषांतर' आणि 'रूपांतर' यांतला फरक मराठी नाटकवाल्यांनी केव्हाच पक्का केला आहे. रूपांतरात पात्रांची नावं, गावं, पेहराव सगळं बदलतं. कॅमेऱ्यात यातलं काहीच बदलत नाही. 'छाया' हा शब्दही विचारात घेण्याजोगा आहे. संस्कृत नाटकातल्या प्राकृत संवादांचा जो संस्कृत पाठ खाली छापतात, त्याला 'संस्कृत छाया' म्हणतात. 'छायाचित्र'वाल्या भाषेत तो शोभलाही असता. पण छायेत मूळ आणि प्रत शेजारी शेजारी असतात. कॅमेऱ्यात मूळ फिल्म जागा सोडून गेलेली असते.

नेमका शब्द आपल्याकडे शंकराचार्यांच्या कथेतच आहे: परकायाप्रवेश. आचार्य मृत अमरुक राजाच्या देहात शिरले, असं दंतकथा सांगते. कॅमेऱ्याच्या खोक्याला सगळं जग 'बॉडी'च म्हणतं, आणि रोल मिळेनासा झालेली बॉडी निष्प्राणच. काया तीच, जीव नवा. पण कथेतली अट विसरू नये: राजाचा देह अखंड राहिला आणि आचार्यांचा स्वतःचा देहही शिष्यांनी सांभाळला, म्हणून परतता आलं. लायकाची पाठ काढून पुन्हा रोल भरता येतो, तो परकायाप्रवेश. रूळ घासून, खिडकी कापून सेन्सर कायमचा डकवला, तर ते अवयवरोपण. दोन्ही करणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण शब्द दोन आहेत, तर दोन वापरावेत.

शेवटी वाचकांना एक विनंती. गावोगावच्या फोटो स्टुडिओंत 'हायपो', 'रोल धुणं', 'निगेटिव्ह टच करणं' अशी एक पुरी बोली नांदत होती. ती बोलणारी माणसं अजून आहेत. तुमच्या गावात डार्करूमच्या लाल दिव्याला, धुतलेला रोल सुकवायच्या चिमट्याला, जळालेल्या फोटोला काय म्हणत, ते त्यांना विचारून लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा. जुन्या कॅमेऱ्याला नवा सेन्सर मिळेल. या शब्दांना नवं कुणी मिळणार नाही.