आजीला भाकरी नको होती

ऑफिसात गावाचा विषय निघाला की मी म्हणतो, "पाबळच्या जवळ. तिथं मस्तानीची कबर आहे." समोरचा विचारतो, "मँगो की पिस्ता?" मस्तानी म्हणजे फक्त आइस्क्रीम घातलेलं दूध, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो: पाबळ शिरूर तालुक्यात आहे, आणि त्या पट्ट्यात दुधापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे.

वडील रेल्वेत, म्हणून मी वाढलो दौंडला. आईचं माहेर केडगावच्या बाजूला, कालव्याखाली. शिरूर आणि दौंड नकाशावर शेजारी आहेत, पण आमच्या स्वयंपाकघरात त्यांचं कधी पटलं नाही. मामाकडं ऊस, गुऱ्हाळ आणि गहू. गावाकडं बाजरी, मटकी आणि हुलगे. आजी शेंगोळे करायला बसली की आई हळूच म्हणायची, "आत्याबाई, आमच्याकडं हुलगे घोड्याला घालतात." आजी मान वर न करता उत्तर द्यायची, "म्हणून तर तुमच्याकडची घोडी पळत्यात अन् माणसं बसून असत्यात."

भाषेचंही तसंच. आमच्याकडं पोळी म्हणजे पुरणाचीच, रोजची ती चपाती. आणि चपाती सुद्धा रोजची झाली ती वडील नोकरीला लागल्यावर. शाळेत डब्यात भाकरी दिली की मी झाकणाआड खायचो. आईला ते कळलं, तेव्हापासून डब्यात चपातीच आली. भाकरी घरात राहिली, डब्यातून गेली.

दोन वर्षांपूर्वी आजी कायमची दौंडला आली. साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, चपाती कमी करा, भाकरी खा. मला आनंदच झाला. तोवर मी मिलेटचे एवढे व्हिडिओ पाहिले होते की बाजरीचा शोध मीच लावलाय असं वाटायला लागलं होतं. मोबाइलवरून बाजरीचं पीठ मागवलं. अर्ध्या किलोला जे मोजले, त्यात गावाकडं पायलीभर बाजरी आली असती. पाकिटावर शेतकरी बाईचं हसरं चित्र होतं.

आजीनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि थुंकली. "कडू झालंय."

कारण नंतर वाचलं. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, दळल्यावर तो लवकर खवट होतो. म्हणून आपल्याकडं बाजरी आठवड्यापुरतीच दळायची पद्धत. पाकिटावर मात्र वापरायची मुदत काही महिने पुढची होती.

मी ताजं दळण आणलं, तरी आजी म्हणाली, "मला भाकर नको." मला वाटलं, दात. दात नव्हते कारण. ती म्हणाली, "आरं, सारा जलम तीच खाल्ली. आता लेकाच्या घरी तरी चपाती खाऊ दे की."

मग तिनं बहात्तर सांगितलं. 1972 साली पाऊस गेला, आणि त्याआधीची वर्षंही धड नव्हती. सरकारनं दुष्काळी कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्यात आजी एक. वडील दोन वर्षांचे, खडीच्या ढिगाशेजारी फडक्याच्या सावलीत. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून त्यांच्यासाठी ठेवायची. आणि रेशनवर यायचा मिलो.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिथं ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यात जाते. आजीला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. "थापताना हाताला मातीवाणी लागायची. खाल्ली. न खाऊन सांगतो कुणाला?" त्या वर्षी तिनं मनाशी ठरवलं होतं, पोराच्या घरी गव्हाचं खायचं. नवस नव्हे, नुसतं ठरवलं. मी बाजरीचं पाकीट घेऊन नेमका त्याच्या आड आलो होतो.

तिथून मी शोधत गेलो, की आमच्याकडं भाकरी खाली आणि चपाती वर, हे ठरवलं कुणी? शोधता शोधता पोचलो आमच्याच तालुक्यात, इनामगावला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. साधारण 3600 ते 2700 वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्यांचं मुख्य धान्य सातू. सोबत गहू, मसूर, वाटाणा आणि हो, हुलगेही. म्हणजे आजीचे हुलगे आईच्या माहेरच्या घोड्यांपेक्षा पुष्कळ जुने. (आईला सांगितलं. ती म्हणाली, "असतील, पण मीठ नसेल नीट.")

तिथं धान्याचं कोठार सापडलं, आणि पुराचं पाणी वळवण्यासाठी केलेली चारी आणि बांधही. पुढं हवामान कोरडं होत गेलं, असं म. के. ढवळीकरांनी मांडलं आहे. शेती रोडावली, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, लोक शिकारीकडं वळले. पाणी होतं तेव्हा कोठार, पाणी गेलं तेव्हा झोपडी.

तीन हजार वर्षांनीही हिशोब तोच. 1870 च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं आणि त्याचा उजवा कालवा पुणे ओलांडून दौंडच्या बाजूला आला. कालव्याखाली ऊस आणि गहू आला, गुऱ्हाळं आली, मामाची ऐट आली. पाबळच्या माळावर पाणी पोचलं नाही, म्हणून तिथं बाजरी राहिली. आम्ही ज्याला घराण्याची चव म्हणत होतो, ती कालव्याची पातळी होती.

वरखाली सरकारी कागदावरही आहे. बाजरी, ज्वारी, नाचणी यांचं सरकारी नाव भरडधान्य. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनचे दर किलोला असे होते: तांदूळ 3 रुपये, गहू 2, भरडधान्य 1. नंतर 2018 मध्ये केंद्रानं याच धान्यांना पौष्टिक तृणधान्य म्हटलं, 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात नाव आलं श्रीअन्न. आमच्या धंद्यात याला व्हेरिएबलचं नाव बदलणं म्हणतात. आतली किंमत तीच राहते. इथं मात्र दुकानातली किंमत बदलली, आणि ती शेतकऱ्यापर्यंत किती पोचली हे गावाकडं विचारलं तर लोक हसतात.

भाकरी वाईट नाही. डॉक्टरांचं बरोबर आहे, व्हिडिओंचंही बरंचसं. पण मला ती चविष्ट लागते कारण मी ती निवडू शकतो. आजीला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या ताटातली चपाती हा तिच्यासाठी आहाराचा प्रश्न नाही, 50 वर्षांची थकबाकी आहे.

शेवटी तोडगा आईनं काढला. दुपारी एक चपाती, रात्री अर्धी भाकरी, आणि भाकरी आजीनं स्वतः थापायची. "माझी जमत नाही तुमच्यासारखी," असं आई म्हणाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

यंदा भोगीला आजीनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. पिठात ऊन पाणी घालून मळलं, काठवटीत थापली, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं. भाकरी टम्म फुगली. मी फोटो काढायला मोबाइल पुढं केला, तर म्हणाली, "फोटो कशाला? गरम हाय तवर खा." लोणी मामाच्या घरचं होतं.

मग तिनं स्वतःच्या ताटात भाकरीचा चतकोर घेतला, आणि त्याच्या शेजारी एक चपाती.