ठिबकची नळी: सुटे भाग कमी झाले, पण काम कुठे गेलं?

पीएचडीसाठी विषय शोधताना आपण फार लांब बघतो. मला माझा विषय सावदा-रावेर रस्त्यावर मिळाला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि प्रत्येक ओळीत एक काळी नळी. लहानपणापासून बघतोय, पण 'ही अशीच का?' हा प्रश्न कधी पडला नव्हता.

माझ्या पहिल्या प्रस्तावात एक वाक्य होतं: रचना सोपी केली की सुटे भाग, वजन आणि उत्पादनखर्च कमी होतो. हे वाक्य अर्धंच खरं आहे. कसं, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. थेंबाथेंबाने पाणी द्यायचं तर छिद्र अगदी बारीक लागतं, आणि बारीक छिद्र लगेच चोंदतं. इस्रायलमधले अभियंते सिम्खा ब्लास यांनी यावर उपाय काढला. पाण्याला लांब, वळणावळणाच्या वाटेने न्यायचं. दाब त्या वाटेतच खर्च होतो, त्यामुळे वाट थोडी रुंद ठेवता येते. १९६५ मध्ये हत्सेरिम किबुत्झमध्ये 'नेटाफिम' ही कंपनी याच कल्पनेवर उभी राहिली. जळगावात भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली, १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आणले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबककडे वळले. म्हणजे बघा, प्लास्टिकची नळी काढण्याचा अनुभव आधी आला, ठिबक नंतर.

आता एक एकर केळी घ्या. लागवड १.५ बाय १.५ मीटर, म्हणजे साधारण १,८०० झाडं. 'ऑनलाइन' पद्धतीत साधी नळी अंथरायची, तिला भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात ड्रीपर दाबायचा. झाडाला दोन धरले तर ३,६०० सुटे ड्रीपर, सगळे हाताने बसवायचे! 'इनलाइन'मध्ये ड्रीपर कारखान्यातच नळीच्या आत बसतो. शेतात येतं ते फक्त गुंडाळं.

वजनाचं गणितही करून बघू. १६ मिमी बाहेरचा व्यास, भिंत १ मिमी, पॉलिथिनची घनता ०.९२ धरली तर मीटरला सुमारे ४३ ग्रॅम. भिंत ०.४ मिमी केली तर १८ ग्रॅम. एकरी २,७०० मीटर नळी लागते, म्हणजे ११७ किलोऐवजी ४९ किलो. यात ड्रीपरचं वजन धरलेलं नाही. ड्रीपरचा आकारही इथे महत्त्वाचा. नळकांड्यासारखा गोल ड्रीपर पूर्ण घेर अडवतो. चपटा ड्रीपर आतल्या भिंतीला एका बाजूनेच चिकटतो, म्हणून पातळ नळीतही बसतो आणि प्लास्टिकही कमी खातो.

इथवर माझं वाक्य बरोबर वाटत होतं. मग यावल तालुक्यातल्या एका शेतकरी काकांनी पत्र्याचा डबा समोर ठेवला. आत जुने, उघडता येणारे ड्रीपर. म्हणाले, "हे खोलून धुता येतात. त्या नळीतला कसा धुशील, भाऊ?"

मी गप्प! विहिरीच्या पाण्यातले क्षार आत साचतातच. इनलाइन ड्रीपर उघडत नाही, म्हणून नळीतून आम्ल सोडावं लागतं, फिल्टर वेळेवर धुवावा लागतो, नळ्यांची टोकं उघडून घाण काढावी लागते. भिंत पातळ झाली की उंदीर, खार आणि कोळप्याची पास यांची भीती वाढते. सुटे भाग कमी झाले, पण काम संपलं नाही. बरंचसं ड्रीपरवरून फिल्टरवर आणि शेतकऱ्याच्या वेळापत्रकावर सरकलं.

सातपुड्यापलीकडे निमाडात कापूस उत्पादकांनी तर ड्रीपरच काढून टाकला. मुलं खातात त्या पेप्सीच्या पातळ प्लास्टिक नळीला भोकं पाडून पाणी दिलं. अतिशय स्वस्त, पण पाणी सगळीकडे सारखं पडत नाही आणि नळी जेमतेम एक हंगाम टिकते. तरी ज्याच्या हातात भांडवलच नाही, त्याच्यासाठी तो हिशोब चूक नव्हता.

अजून एक चूक तुम्ही करू नका. 'आधी ऑनलाइन, मग इनलाइन' अशी सरळ रेघ मी ओढली होती. भारतीय मानकं वाचली आणि रेघ मोडली. सुट्या एमिटरचं आयएस १३४८७ आणि एमिटर असलेल्या नळीचं आयएस १३४८८, दोन्ही १९९२ चीच. दोन्ही वस्तू शेजारी शेजारी नांदत होत्या, आजही नांदतात. लिंबू-डाळिंबाचं झाड वाढलं की ड्रीपर वाढवावे लागतात, तिथे ऑनलाइनच सोयीचं. केळी-कापसाच्या सरळ ओळींना इनलाइन.

तेव्हा कुठल्याही वस्तूचा इतिहास लिहायला घ्याल, तर तक्त्यात भाग, वजन आणि खर्च हे तीन रकाने कराच. चौथाही करा: काढून टाकलेल्या भागाचं काम आता कोण करतंय? माझ्या तक्त्यातला तो रकाना काकांच्या डब्यामुळे आला. तो भरायला ग्रंथालयाबरोबर शेतातही जावं लागतं.