सातबारा, जमाबंदी आणि डेटाबेस

डेटाबेस म्हणजे काय हे समजावताना इंग्रजी पाठ्यपुस्तके हमखास बँकेच्या खात्याचे उदाहरण देतात. मराठी वाचकाला इतके लांब जाण्याचे कारण नाही. वयाच्या पन्नाशीनंतर मी हा विषय नेटाने वाचू लागलो, तेव्हा प्रत्येक नव्या संज्ञेपाशी मला गावच्या तलाठ्याचे दप्तर आठवू लागले. (या पदास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण जुने नाव जिभेवरून जाणार नाही.) नोंद कशी करावी, कोणती नोंद खरी मानावी, दोन दप्तरांत तफावत पडल्यास काय करावे, हे प्रश्न संगणकाने निर्माण केलेले नाहीत.

प्रारंभ क्रमांकापासून करू. इंदापूर तालुक्यात 1836 मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्याने पाहणी हाती घेतली आणि पुढे मुंबई इलाख्यात शेताच्या प्रत्येक तुकड्यास सर्व्हे नंबर मिळण्याची पद्धत रुजली. मालक बदलो, पीक बदलो, नंबर तोच. डेटाबेसच्या भाषेत ही 'प्रायमरी की'. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एकदा रुजलेली 'की' बदलली की काय होते, हे ज्यांनी आजोबांच्या खरेदीखतातील सर्व्हे नंबर आजच्या कोणत्या गटात बसतो हे शोधले आहे, त्यांना सांगावयास नको.

हक्काची नोंद त्यानंतरची. पाहणीचे दप्तर मुख्यतः साऱ्यासाठी होते. सरकारला देणेकरी ठाऊक असला की पुरे. जमिनीत कोणाचा कोणता हक्क आहे, हे लिहिण्यासाठी 1903 चा हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि 1913 मध्ये त्या तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. आजचा आधार 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा.

परंतु या रचनेचा प्राण सातबाऱ्यात नाही. तो नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत आहे. खरेदी, वाटणी, वारसा, बोजा, काहीही घडले तरी प्रथम फेरफाराला क्रमांक पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, प्रत चावडीवर लागते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जुने नाव खोडले जात नाही. त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. उत्तम डेटाबेस अगदी हेच करतो: बदल आधी 'लॉग'मध्ये लिहितो, मग तक्त्यात. तक्ता बिघडला तरी लॉग शाबूत असेल तर तो पुन्हा उभा करता येतो. सातबाऱ्यावर वाद झाला की जुना वकील प्रथम फेरफाराच्या नकला मागवतो, त्याचे कारण हेच.

एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना 1970 साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. एकच तथ्य अनेक ठिकाणी लिहिले की विसंगती येते, हा त्यातील विचारांपैकी एक. आपला नमुना आठ-अ, म्हणजे खातेदारनिहाय गोषवारा, सातबाऱ्यातीलच माहिती पुन्हा सांगतो. कागदावर दोन्ही हाताने लिहिले जात, आणि तफावत पडेच.

चंडीगडच्या सेक्टर 30 मध्ये बसून हे लिहिताना पंजाबची पद्धत शेजारी ठेवण्याचा मोह होतो. हे शहर पूर्वीच्या अंबाला जिल्ह्यातील खरड तहसिलीच्या शेतांवर उभे आहे. येथे पटवारी ठराविक वर्षांनी अख्ख्या गावाची जमाबंदी नव्याने लिहून काढतो; मधल्या काळातील बदल 'इंतकाल' म्हणून नोंदले जातात. प्रती दोन: पटवाऱ्याकडे 'परत पटवार', तहसिलीत 'परत सरकार'. संगणकवाले ज्यास 'चेकपॉइंट' आणि 'रेप्लिका' म्हणतात ते हेच. माझे मत विचाराल तर या बाबतीत पंजाब सरस. आपला सातबारा कंसांनी इतका भरून जातो की हयात खातेदार शोधावा लागतो.

आता विखुरलेल्या दप्तरांचा प्रश्न, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते आणि हक्काची नोंद महसूल खात्यात होते. दोन खाती, दोन दप्तरे. कलम 154 अन्वये नोंदणी कार्यालयाने तलाठ्यास कळवावयाचे. ते टपालाने जाई. त्या अवधीत सातबाऱ्यावर जुनेच नाव राही, आणि तो कोरा सातबारा दाखवून तीच जमीन दुसऱ्यास विकता येई. दोन्हीकडे बदल व्हावा अथवा कोठेही होऊ नये, यासाठी संगणकशास्त्राने 'टू-फेज कमिट' ही रीत काढली. तिचीही किंमत आहे: एक पक्ष उत्तर देईना, तर दुसरा अडून बसतो. एरिक ब्रूअर यांनी 2000 मध्ये मांडलेले व 2002 मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलेले सूत्र असे की जोडणी तुटल्यावर अचूकता आणि सेवेची उपलब्धता यांतून एकच पूर्णपणे राखता येते. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य संतापजनक खरे, पण शिळा उतारा हाती देण्यापेक्षा ते प्रामाणिक असू शकते.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना 1988-89 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत वर्धा होता. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळविणे हे खरे कष्टाचे काम ठरले. 2017 मध्ये महाराष्ट्रात गावोगावी चावडी वाचन झाले: उतारे लोकांसमोर वाचावयाचे, चूक असेल त्याने सांगावयाचे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ई-फेरफार प्रणालीमुळे नोंदणी कार्यालयाची वर्दीही आता संगणकातून येते.

मात्र चावडीवरच्या नोटिशीमागे एक गृहीतक होते, की ज्याचा हक्क आहे तो गावात आहे. तुम्हीआम्ही नाही. भावकीने केलेल्या वाटणीची नोटीस चावडीवर लागली आणि मुदत संपली, तरी चंडीगडला वा दुबईला कळणार कसे? पुढे कलम 157 उभे राहते: प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, आणि सिद्ध करण्याचा भार गैरहजर माणसावर पडतो. आता 'आपली चावडी' या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून फेरफाराच्या नोटिसा परगावाहूनही पाहता येतात. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली नसेल, तर सातबाऱ्यावर आजही त्यांचेच नाव असेल आणि नोटीसही त्यांच्याच नावे निघेल.